पेत्राची झोप



घरभेटींच्या निमित्ताने आम्ही संध्याकाळी आपल्या घरी येतो. वेदीपुढे प्रार्थना होते, आशीर्वाद होतो, मग चहा येतो आणि चहाबरोबर मनातल्या गोष्टी बाहेर येतात. "तब्येत काय म्हणते?" असे विचारले की गुडघे, साखर, रक्तदाब अशी यादी पुरी झाल्यावर हमखास एक वाक्य ऐकू येते : "बाकी सगळं चाललंय, फादर, पण झोप नाही."

हे वाक्य आता केवळ आजी-आजोबांचे राहिलेले नाही. चाळिशीचा बाप तेच म्हणतो आणि बारावीला बसलेली मुलगीही तेच म्हणते. कारण विचारले तर प्रत्येक घराचे उत्तर वेगळे असते. कोणाचे फ्लॅटचे हप्ते थकले आहेत. कोणाच्या वाडीची वाटणी भावाभावांत अडकली आहे. कोणाचा मुलगा परदेशी आहे आणि आठवडा आठवडा फोन करीत नाही. आणखी एक कारण आहे. ते आई फाटकापर्यंत पोचवायला आली म्हणजे हळूच सांगते, घरातल्यांच्या देखत नाही : "थोरला आता मिस्साला येत नाही, फादर. आम्ही काय कमी केलं हो?" रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेल्या आईबापांना हा प्रश्न छळत असतो. हप्त्यांना काही तरी मार्ग निघतो, पण या प्रश्नाला बँकेत उत्तर मिळत नाही.

झोप हा धर्मशिक्षणाच्या पुस्तकातला धडा नव्हे. पण पवित्र शास्त्रात झोपेविषयी बरेच काही सांगितलेले आहे. उपासनेच्या 'ब' वर्षात सामान्य काळाच्या अकराव्या व बाराव्या रविवारी संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील दोन उतारे लागोपाठ वाचले जातात. हे रविवार बहुधा जून महिन्यातच येतात. त्याच जूनच्या २९ तारखेला संत पेत्र व संत पौल यांच्या सणाला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला बारावा अध्याय वाचतात. या तिन्ही उताऱ्यांत कोणी ना कोणी झोपलेले आहे. पहिल्यात शेतकरी, दुसऱ्यात स्वतः प्रभू येशू आणि तिसऱ्यात पेत्र. आज या तीन झोपांचा आपण एकत्र विचार करू या.

पहिला उतारा चार ओळींचा दाखला आहे आणि तो फक्त मार्कमध्ये सापडतो (४:२६-२९). माणूस जमिनीत बी टाकतो. मग तो रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी रुजते, वाढते. कसे, ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पीक तयार झाले की तो विळा घालतो.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी अजून भातशेती आहे किंवा वाडी आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. येशूच्या देशात पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, पहिल्या पावसानंतर होत असे आणि जवाची कापणी एप्रिलच्या आसपास. म्हणजे मधले पाच-सहा महिने. या महिन्यांत शेतकरी राखण करतो, तण काढतो, हे दाखल्यात सांगितलेले नाही, पण ऐकणाऱ्यांना ते ठाऊक होते. जे सांगितले आहे ते एवढेच की तो झोपतो. इतक्या छोट्या दाखल्यात त्याच्या झोपेला जागा दिलेली आहे.

मुलांना शाळेत घरी बी लावून यायला सांगतात. एका वाडीत आम्ही पाहिले, नातवाने डब्यात पावट्याचे बी लावले होते आणि दर सकाळी तो माती उकरून ते बाहेर काढून बघत होता. चौथ्या दिवशी बी कुजले. आजोबा त्याला म्हणाले, "अरे बाबा, त्याला जरा अंधारात राहू दे की!" पावट्याचे आधी मूळ खाली जाते, अंकुर नंतर वर येतो. वर काही दिसत नाही तेव्हाच खाली सगळ्यात मोठे काम चाललेले असते. आपल्या आयाबहिणींना हे विरजणावरून माहीत आहे. कोमट दुधाला विरजण लावून भांडे झाकून ठेवायचे. थंडीत त्याला फडका गुंडाळायचा. मध्यरात्री उठून 'लागले का' म्हणून ढवळायचे नाही. ढवळले की पाणी सुटते, दही लागत नाही.

मुलांच्या श्रद्धेच्या बाबतीत आपण पुष्कळदा हेच करतो असे आम्हांला वाटते. वीस वर्षांच्या मुलाला दर रविवारी दारात अडवून विचारायचे, "गेलास का? खरं सांग. प्रवचन कशावर होते?" ही माती उकरून बघण्याचीच एक रीत आहे. विचारणाऱ्याचे प्रेम खरे असते यात शंका नाही. पण त्या प्रश्नात मुलाला प्रेम ऐकू येत नाही, हजेरी ऐकू येते.

'आपोआप' या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. मूळ ग्रीक भाषेत तो 'ऑटोमाते' असा आहे; आपण रोज वापरतो तो 'ऑटोमॅटिक' शब्द त्याच कुळातला. नव्या करारात तो केवळ दोनदा आला आहे. एकदा इथे, बियाण्याच्या संदर्भात. दुसरा कुठे, ते पुढे येईलच.

हा दाखला सांगितला त्याच दिवशी संध्याकाळी, असे मार्क मुद्दाम लिहितो, येशू शिष्यांबरोबर होडीत बसून पलीकडे निघाला (४:३५-४१). गालिलाचे सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१० मीटर खाली, डोंगरांच्या खळग्यात आहे. वारा डोंगरावरून अचानक उतरतो आणि शांत पाणी बघता बघता खवळते. १९८६ साली दुष्काळात सरोवराचे पाणी ओसरले तेव्हा चिखलात त्या काळची एक होडी सापडली. ती सुमारे आठ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद आहे. एवढ्याशा होडीत डझनभर माणसे, काळोख, आणि लाटांचे पाणी आत. आणि येशू मागच्या भागात उशीवर डोके टेकून झोपलेला. सकाळी लोकांना झोपणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगणारा संध्याकाळी स्वतः त्या शेतकऱ्यासारखा झोपला. दिवसभर त्याने बी पेरले होते.

होडीतल्या निदान चौघांचा धंदा मासेमारीचा होता. समुद्रावर जाणाऱ्या आपल्या बांधवांना ठाऊक आहे की अनुभवी माणूस घाबरला म्हणजे भिण्यासारखे काही तरी आहेच. तेव्हा त्यांच्या भीतीला कोणी हसू नये. पण येशूला उठवून ते काय म्हणतात ते पाहा. 'आम्हांला वाचव' असे मार्कच्या उताऱ्यात ते म्हणत नाहीत. आपण बुडत आहोत याची तुला काही पर्वा नाही का, असे ते विचारतात. त्यांचा संशय येशूच्या सामर्थ्याबद्दल नाही, त्याच्या प्रेमाबद्दल आहे. रात्री दोन वाजता आपलाही हाच संशय असतो. देव सर्वसमर्थ आहे हे आपण लहानपणीच पाठ केलेले असते. पण त्याला माझ्या घराचे काही वाटते का? याचे उत्तर पाठांतरात सापडत नाही.

येशू उठल्यावर आधी वाऱ्याला धमकावतो, मग शिष्यांना प्रश्न विचारतो. आधी त्यांची शिकवणी घेऊन मग वादळ शमवीत नाही. आपण आईबाप आणि आम्ही धर्मगुरू यांनी हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

इथे कोणी हुशार वाचक हरकत घेईल. 'जागे राहा' असे येशूनेच सांगितलेले नाही का? सांगितले आहे, याच मार्कमध्ये (१३:३३-३७). घरधनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे, ते तुम्हांला माहीत नाही. तो आला तेव्हा तुम्ही झोपलेले सापडू नका. मग झोपावे की जागे राहावे?

गेथशेमाने बागेत याचे उत्तर मिळते. तिथे येशू दुःखाने व्याकूळ होऊन प्रार्थना करतो आणि पेत्र, याकोब व योहान यांना एवढेच मागतो की माझ्याबरोबर जागे राहा. ते तिघे झोपतात. "शिमोन, तू झोपलास?" असे तो पेत्राला विचारतो. त्या वेळी त्याला 'पेत्र', म्हणजे खडक, या नावाने हाक मारीत नाही. जुन्या नावाने हाक मारतो. होडीतल्या वादळात जो झोपू शकला नाही तो पेत्र बागेत, जागे राहण्याची गरज होती तिथे, गाढ झोपला. जिथे भिण्याचे कारण नव्हते तिथे जागा, जिथे जागायचे होते तिथे झोपलेला. आपलेही पुष्कळदा असेच उलटे होते. मुलाच्या दोन टक्के कमी गुणांनी आपली झोप उडते आणि तोच मुलगा रात्री बारानंतर कोणाबरोबर असतो, त्याच्या अंगाला कसला वास येतो, याबाबत आपण घोरत असतो. "देव बघून घेईल" हे वाक्य आम्ही अशाही बापांच्या तोंडून ऐकले आहे ज्यांनी मुलाबरोबर बसून एकदाही जपमाळ केली नाही. ज्याने बीच टाकले नाही त्याच्या झोपेला भरवसा म्हणत नाहीत. योना संदेष्टाही होडीच्या तळाशी गाढ झोपला होता, पण तो देवापासून पळून चालला होता.

तेव्हा झोप म्हणजे श्रद्धा आणि जागरण म्हणजे अश्रद्धा, असा सरळ हिशेब नाही. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसलेली आई, रात्रपाळीची परिचारिका, शेवटची गाडी विरारला पोचवणारा मोटरमन, हे सर्व जागतात आणि त्यांचे जागणे ही प्रार्थनाच आहे. २६ जुलै २००५ चा दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद पडल्या, फोन लागेनासे झाले. मुंबईला कामावर गेलेली माणसे रात्रभर परतली नाहीत. त्या रात्री घराघरांत दिवे जळत होते. त्या आयांना कोणी म्हटले असते की तुमची श्रद्धा कमी पडली, तर ते क्रूर ठरले असते. प्रेम जागते, तसे ते त्या रात्री जागले.

तसेच काहींची झोप आजाराने जाते. महिनोन् महिने झोप येत नसेल, सकाळी उठावेसेच वाटत नसेल, जीव नकोसा होत असेल तर डॉक्टरांकडे जावे. त्यात लाज नाही आणि ते अश्रद्धेचे लक्षण तर मुळीच नाही. एलिया संदेष्ट्याचे उदाहरण आम्ही अशा वेळी सांगतो (१ राजे १९). तो रानात झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत येतो, पण त्याला उपदेश करीत नाही, दोष देत नाही. त्याला हलवून म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा उशाशी असतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला पुन्हा झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घालतो आणि मगच पुढची वाट दाखवतो. घरात असे कोणी खचलेले माणूस असेल तर देवदूताचे हे वागणे आठवावे. आधी भाकर, पाणी आणि विश्रांती.

आता तिसऱ्या झोपेकडे वळू या. येशूचे पुनरुत्थान होऊन दहा-बारा वर्षे झाली होती. हेरोद अग्रिप्पा हा पहिला राजा गादीवर होता. त्याची कारकीर्द इ.स. ४१ ते ४४ अशी झाली. त्याने योहानाचा भाऊ याकोब याचा तलवारीने वध करविला. ते यहुदी पुढाऱ्यांना आवडले असे पाहून त्याने पेत्रालाही धरले. बेखमीर भाकरीच्या सणाचे दिवस होते. सण झाल्यावर पेत्राला लोकांसमोर उभे करायचे ठरले. चार चार शिपायांच्या चार तुकड्या, म्हणजे सोळा माणसे, एका कोळ्यावर पहाऱ्याला ठेवली होती. आणि उद्या बाहेर काढणार, त्या रात्री पेत्र दोन साखळ्यांनी जखडलेला, दोन शिपायांच्या मध्ये झोपला होता.

झोप अशी की कोठडी उजेडाने भरली तरी त्याला जाग आली नाही. देवदूताला त्याच्या कुशीत ठोसा मारून उठवावे लागले. मग देवदूत त्याला लहान मुलाला सांगावे तसे सांगतो : कंबर बांध, वहाणा घाल, अंगरखा पांघर, माझ्यामागून चल. साखळ्या गळून पडतात. दोन पहारे ओलांडून ते शहराच्या लोखंडी फाटकापाशी येतात आणि फाटक त्यांच्यासाठी आपोआप उघडते. नव्या करारात 'ऑटोमाते' दुसऱ्यांदा येतो तो इथे. बी रुजते त्याच शब्दाने फाटक उघडते.

फाटकाचा चमत्कार मोठा खराच. पण आम्हांला त्याहून मोठा वाटतो तो आधीचा, म्हणजे पेत्राची झोप. त्याच्याजवळ सुटकेची काही हमी होती का? नव्हती. याकोब नुकताच गेला होता. होडीत याकोब पेत्राबरोबर होता, बागेतही त्याच्याबरोबर झोपला होता. याकोबासाठी ख्रिस्तसभेने प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल? त्याच्या आईने एकदा येशूजवळ आपल्या दोन्ही मुलांसाठी राज्यात उजवी-डावीकडची आसने मागितली होती. त्या आईच्या घरी त्या आठवड्यात काय परिस्थिती असेल याची कल्पना करावी. एकाला देवदूत सोडवतो, दुसऱ्याला तलवार. का, ते शास्त्र सांगत नाही. आणि जे शास्त्र सांगत नाही ते आम्ही प्रवचनात सांगू लागलो तर तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून 'उद्या सगळे ठीक होईल' या समजुतीने पेत्र झोपला नव्हता. उद्या कदाचित आपणही याकोबाच्या वाटेने जाऊ, हे त्याला दिसत होते. तरीही तो झोपला, कारण उद्या कोणाच्या हातात आहे हे त्याला ठाऊक होते. अंदाज बांधणे आणि भरवसा ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकाल चांगला लागेल असा आपला अंदाज असतो, मग तो चुकला की श्रद्धा डळमळते, कारण आपण अंदाजालाच श्रद्धा म्हणत आलो होतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना योसेफ पीपर या जर्मन विचारवंताचे एक छोटे पुस्तक आमच्या वाचनात आले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. निवांतपणा हा झोपेसारखाच असतो, स्वतःला सोडून दिल्याशिवाय तो येत नाही, असे त्याचे म्हणणे. प्रयत्नाने झोप येत नाही, हे सांगायला खरे तर तत्त्वज्ञ नको. मुठी आवळून कोणाला झोप लागली आहे?

वादळात न झोपलेला आणि बागेत भलत्या वेळी झोपलेला पेत्र इथवर कसा आला? एका रात्रीत नाही, हे उघड आहे. मध्ये एक फार वाईट रात्र होऊन गेली होती, कोंबडा आरवल्याची. मग सरोवराच्या काठी निखाऱ्यांपाशी येशूने तीनदा विचारलेला प्रश्न. मग वर्षानुवर्षांचा प्रवास, मारहाण, तुरुंग, चुका, समेट. यातल्या कुठल्या दिवशी त्याचा भरवसा पक्का झाला, हे त्यालाही सांगता आले नसते. बी वाढले, कसे, ते त्याला कळले नाही. आपल्यापैकी अनेक जण आम्हांला म्हणतात, "फादर, इतकी वर्षे प्रार्थना करतो, पण आहे तिथेच आहे." कणीस स्वतःची उंची मोजत नाही, एवढेच तूर्त म्हणतो.

आता फाटकाशी हळूच बोललेल्या त्या आयांकडे येतो. चौथ्या शतकात आफ्रिकेत मोनिका नावाची आई होती. तिचा मुलगा ऑगस्टीन बुद्धीने तल्लख, पण आईचा धर्म त्याने लहान मुलांच्या गोष्टी म्हणून बाजूला टाकला होता. ३८३ साली तो रोमला जायला निघाला. आईने बंदरापर्यंत पाठलाग केला : जाऊ नकोस, नाही तर मलाही ने. मित्राला निरोप द्यायचा आहे, अशी थाप मारून त्याने तिला जवळच्याच संत सिप्रियन यांच्या प्रार्थनामंदिरात रात्र काढायला लावली. आई रात्रभर रडत प्रार्थना करीत राहिली की त्याला जाऊ देऊ नकोस. रात्रीच वारा सुटला, जहाज निघाले. सकाळी ती किनाऱ्यावर आक्रोश करीत राहिली.

पुढे ऑगस्टीनने आपल्या आत्मकथेत हे सर्व लिहिले आहे. त्या रात्री तिने जे मागितले ते देवाने दिले नाही, कारण ती नेहमी जे मागत आली होती ते त्याला द्यायचे होते, असा त्याचा अर्थ त्याने लावला. रोमहून तो मिलानला गेला. तिथे बिशप अँब्रोज भेटले आणि ३८७ च्या ईस्टरच्या जागरविधीत त्याने स्नानसंस्कार घेतला. आईही दरम्यान समुद्र ओलांडून त्याच्यामागे मिलानला पोचली होती. नुसती वाट बघत बसली नव्हती. त्याच वर्षी ओस्तिया बंदरात ती वारली. मुलाने आपल्यापासून पळून जाण्यासाठी जी वाट निवडली तीच त्याच्या परतण्याची वाट झाली, हे त्या किनाऱ्यावरच्या सकाळी तिला कसे कळावे?

सर्वच मोनिकांना ऑगस्टीन परत मिळतात असे नाही. काही आया ती कापणी बघण्याआधी जातात. शेवटी दोन गोष्टी आईबापांच्या हातात राहतात : बी टाकणे आणि दार उघडे ठेवणे. मुलगा रविवारी दुपारी जेवायला येतो ना? त्याला आवडते ते करा. जेवणाआधीची प्रार्थना नेहमीसारखीच म्हणा, त्याच्यासाठी मोठ्याने नको आणि त्याच्यामुळे चोरून नको. त्याने एखादा प्रश्न विचारला तर उत्तर द्या, येत नसेल तर 'मला माहीत नाही' म्हणा. आणि रात्री त्याचे नाव देवाच्या हाती देऊन झोपा.

हे हाती देणे कसे, ते ख्रिस्तसभा फार जुन्या काळापासून शिकवीत आली आहे. धर्मगुरू आणि सिस्टर्स झोपण्यापूर्वी म्हणतात ती रात्रप्रार्थना दहा मिनिटांचीही नाही. तिच्यात आधी दिवसाची झडती घेऊन क्षमा मागतात, मग एखादे स्तोत्र, बहुधा चौथे किंवा एक्याण्णवावे, आणि म्हाताऱ्या शिमोनाचे गीत म्हणतात. मध्ये एक छोटा प्रतिसाद असतो. त्यात आपण आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो. तो एकतिसाव्या स्तोत्रातला आहे आणि लूकच्या शुभवर्तमानानुसार येशूने क्रुसावर शेवटची प्रार्थना केली ती हीच. म्हणजे रोज रात्री आपण थोडेसे मरण्याचा सराव करतो आणि सकाळी आपल्याला दिवस पुन्हा दिला जातो.

ज्यांना जपमाळेच्या तिसऱ्या रहस्यातच डुलकी लागते त्यांनी घाबरू नये. लिझ्यूच्या संत तेरेजा वर्षानुवर्षे प्रार्थनेच्या वेळी झोपत असत आणि त्यांनी तसे स्वतः लिहून ठेवले आहे. लेकरू झोपलेले असले तरी आईबापांना तितकेच आवडते, आणि डॉक्टर शस्त्रक्रियेआधी रोग्याला झोपवतातच, असे त्यांचे म्हणणे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १६ जानेवारी २०१५ रोजी मनिला येथे कुटुंबांना सांगितले होते की आपल्या मेजावर झोपलेल्या संत योसेफांची मूर्ती आहे. काही अडचण आली की ते ती कागदावर लिहून मूर्तीखाली सरकवीत. योसेफ शुभवर्तमानात एक शब्दही बोलत नाहीत. झोपेत त्यांना देवाची आज्ञा मिळते आणि उठल्या उठल्या ते कामाला लागतात.

ही युक्ती आपणही करून पाहू शकतो. मूर्ती नसेल तर पवित्र शास्त्राखाली चिठ्ठी ठेवावी. मात्र फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. उशाशी फोन आणि पवित्र शास्त्र दोन्ही असतील तर रात्री दोन वाजता हात कुठे जातो, हे प्रत्येकाने आपले आपण तपासावे.

रात्रप्रार्थनेची पत्रके या रविवारपासून चर्चच्या मागच्या दाराजवळच्या मेजावर ठेवली आहेत. प्रत्येक कुटुंबाने एक घ्यावे. अक्षरे मुद्दाम मोठी छापून घेतली आहेत, कारण ती वाचायची वेळ येईपर्यंत चष्मा बहुतेक काढून ठेवलेला असतो.